शिक्षण परत करायची खिडकी

आंबेखिंडीच्या महाविद्यालयाची श्रेणी गेली, तेव्हा गेल्या पाच वर्षांत तिथे शिकलेल्या सगळ्यांना आपापलं शिक्षण महिनाअखेरपर्यंत कार्यालयात परत जमा करायला सांगण्यात आलं. पत्र साध्या टपालाने आलं. वेळ अकरा ते दोन, शनिवारी अकरा ते एक. येताना दोन फोटो आणि आधारकार्डाची झेरॉक्स आणायची होती. पदवी मात्र ज्याची त्याच्याकडेच राहणार होती. हे वाक्य पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं, कारण लोकांना काळजी तिचीच असते.

तेजश्री खरमाटेने पत्र दोनदा वाचलं आणि चुलीपाशी बसलेल्या आईला वाचून दाखवलं.

"श्रेणी म्हंजी काय गं?" आईने विचारलं.

"दुधाला कसं फॅट लावतात, तशी कॉलेजला श्रेणी लावतात. बाहेरून समिती येते आणि बघून जाते."

"आणि फॅट कमी लागलं म्हणून आधी प्यालेलं दूध परत मागत्यात व्हय?"

"आता मागतायत."

आईने भाकरी उलटली. "मग दिऊन टाक की. तुला कुठं रोज लागतंय?"

पण तेजश्रीला ते रोज लागत होतं. तालुक्याच्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिला अकरा महिने झाले होते. पहाटे पाचला टँकर येत. ती नमुना घेई, ब्युरेटच्या काचेच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडून दुधाची आम्लता काढी, आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगे. एकदा यंत्राने पास केलेला अख्खा टँकर तिने थांबवला होता. ड्रायव्हर तिच्यावर पंधरा मिनिटं ओरडला आणि सोळाव्या मिनिटाला टाकीतलं दूध फाटलं. तेव्हापासून ड्रायव्हर लोक तिला "मॅडम" म्हणत. एक तारखेला ती कायम होणार होती. संघाच्या व्यवस्थापकांनी एवढंच सांगितलं होतं की कायम करायला पदवी वैध लागते, आणि पदवी वैध राहायला शिक्षण जमा केल्याची पावती लागते.

"पण साहेब, शिक्षण जमा केल्यावर काम कसं करू?" तिने विचारलं होतं.

"तो प्रयोगशाळेचा विषय झाला," व्यवस्थापक म्हणाले. "मी आस्थापना बघतो."

श्रेणी गेली त्यामागे महाविद्यालयाचा दोष म्हणावा तर तो घड्याळाचा होता. खरं तर समिती यायला अजून वर्ष होतं. पण श्रेणी एक पायरी वर चढेल या आशेने प्राचार्यांनी समितीला स्वतः पत्र लिहून लवकर बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. समितीला पाच वर्षांत झालेल्या कार्यक्रमांचे फोटो हवे होते. प्राचार्यांनी दोनशे चौदा कार्यक्रम एका आठवड्यात सभागृहात उरकले. मागचा फलक बदलायचा, मुलींनी ओढण्या बदलायच्या, पहिल्या रांगेने तिसरीत जायचं आणि फोटो काढायचा. तेजश्री तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. तिने एका दुपारी मशरूम लागवड, ताणतणाव व्यवस्थापन आणि संविधान दिन असे तीन कार्यक्रम केले, आणि मशरूममध्ये तर आभारही मानले.

सभागृहातलं घड्याळ बंद होतं. सगळ्या दोनशे चौदा फोटोंत त्यात सव्वाअकरा वाजले होते. समितीने विचारणा केली. महाविद्यालयाने कळवलं की घड्याळ बंद आहे. समितीने पुरावा मागितला. महाविद्यालयाने बंद घड्याळाचा फोटो पाठवला. फोटोवरून घड्याळ बंद आहे की चालू, हे ठरवता येत नाही, असं समितीचं उत्तर आलं आणि ते कोणालाही खोडता आलं नाही. सगळे कार्यक्रम सव्वाअकरालाच झाले असं इतिवृत्तात नोंदवून समिती निघून गेली. मागाहून श्रेणीही गेली.

तेजश्री शुक्रवारी अर्धी रजा टाकून महाविद्यालयात पोचली तेव्हा एक वाजत आला होता. खिडकीपुढे सातजण होते. खिडकीच्या आत नदाफ भाऊसाहेब बसले होते. ते सव्वीस वर्षं तिथे लेखनिक होते, आणि बोनाफाईडपासून टीसीपर्यंत जे काही त्या खिडकीतून बाहेर गेलं, ते त्यांच्या हातून गेलं होतं. आत काही घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. तरी त्यांनी दोन दिवसांत पद्धत बसवली होती. विषय एकदा तोंडाने म्हणायचा, भाऊसाहेब तक्त्यावर "जमा" असा शिक्का मारायचे, आणि शिक्का उठला की तो विषय माणसाकडून जायचा. मागच्या लोखंडी कपाटात तो फडक्यात बांधून ठेवत.

बहुतेकांचं पाच मिनिटांत उरकत होतं. तेजश्रीच्या पुढचा मुलगा राज्यशास्त्राचा होता. त्याने आठवून आठवून दीड वाक्य म्हटलं, शिक्का घेतला आणि पावती खिशात घातली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तो खूश दिसला. जाताना मात्र तो थबकला.

"भाऊसाहेब, आता मला काही होणार नाही ना?"

"काय व्हायचंय? तीन वर्षं काय झालं होतं का?"

"नाही."

"मग आताबी नाही व्हायचं. चला, पुढचे."

तेजश्रीने कागद आत सरकवले. भाऊसाहेबांनी तिचा तक्ता काढला. इंग्रजी, पर्यावरण आणि वर्गात शिकवलेलं बाकी सगळं तिने म्हणून टाकलं. त्याला दहा मिनिटं लागली, आणि एवढं तिच्याकडे निघालं याचं भाऊसाहेबांना कौतुक वाटलं. मग त्यांनी पान उलटलं.

"आता तुम्ही फोटोत आहात ते हे एकसष्ट कार्यक्रम. मशरूम लागवड?"

"ते मला येत नाही, भाऊसाहेब."

"फोटोत तर आभार मानताय."

"आभारच मानले. बाकी काही झालंच नाही."

"झालं नाही असं कसं म्हणता? फोटो आहे." भाऊसाहेब तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. ते नियम सांगत होते. "येत नाही म्हणजे तुमच्याकडून हरवलं. ग्रंथालयाचं पुस्तक हरवलं तर काय करतो आपण? तेवढ्याच पानांचं दुसरं घेतो. तसं तेवढ्याच वेळात शिकलेलं दुसरं काहीतरी द्या."

"एकसष्ट कार्यक्रमांचं?"

भाऊसाहेबांनी इतिवृत्त काढलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ वाचलं. सव्वीस वर्षांत त्यांनी मुलांची अडवणूक केली असेल, पण नियमात बसत असेल तर सोडवणूकही केली होती. "समितीच म्हणते की सगळे सव्वाअकरालाच झाले," ते म्हणाले. "म्हणजे तास एकच. एका तासात शिकलेलं काहीही चालेल."

तेजश्रीने विचार केला. चौथीत असताना मामाने तिला एका तासात तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायला शिकवलं होतं. अजूनही फाट्यावरून सुटलेली एस.टी. ती त्या शिट्टीने थांबवत असे. तिने एकदा शिट्टी मारली. रांग दचकली. शिक्का उठला. तिने पुन्हा बोटं तोंडात घालून पाहिली, तर नुसती हवा आली.

"आता शेवटचं," भाऊसाहेब म्हणाले. "इथं सही."

"आणि माझी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं?"

"ती तुमच्या तक्त्यावर नाहीत. प्रयोगशाळा समितीसाठी चकचकीत ठेवायची म्हणून पाच वर्षं कुलूप होतं. कुलपाचा फोटो आहे. म्हणजे प्रात्यक्षिकं झालीच नाहीत."

"पण मला तर येतात."

"येत असतील. ते तुमचं घरचं झालं. ज्याची नोंद नाही ते आम्ही मागू शकत नाही."

तेजश्रीच्या छातीवरचं ओझं उतरलं. पहाटेचे टँकर, एक तारीख, "मॅडम" म्हणणारे ड्रायव्हर, सगळं जागच्या जागी राहणार होतं. तिने पेन घेतलं. कागदावर एकच वाक्य छापलेलं होतं: "वर जमा केलेल्याव्यतिरिक्त मला या महाविद्यालयात कोणीही काहीही शिकवलेलं नाही."

सहीची जागा शोधताना तिची नजर खिडकीच्या बाजूच्या बाकाकडे गेली. तिथे हणबर सर बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबुळकं होतं.

हणबर सर तासिकेवर होते. म्हणजे दर जूनला त्यांना नव्याने नेमत आणि दर मार्चला विसरत. प्रयोगशाळेला कुलूप लागलं तेव्हा त्यांनी स्वतःची टोकाला टवका उडालेली ब्युरेट आणली आणि मागच्या पायऱ्यांवर अकरा मुलांना प्रयोग शिकवले. कधी लिंबाचा रस, कधी विहिरीचं पाणी, कधी चहाच्या टपरीवरचं दूध. दोन वर्षं शिकवले. सरांचा फोन बटणांचा होता, त्यामुळे एकही फोटो नव्हता. तेजश्रीच्या फ्लास्कमध्ये पहिल्यांदा बरोबर गुलाबी रंग आला तेव्हा सर फक्त "हं" म्हणाले होते. त्या "हं"वर ती आठवडाभर हवेत होती.

"सर, तुम्ही इथे?"

"सहज आलो होतो," सर म्हणाले. "सही कर. मागं रांग आहे."

"सहज कुठले?" भाऊसाहेब आतून म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं त्यांना आवडत नसत. "उद्या जिल्ह्याला मुलाखत आहे त्यांची. कायमच्या जागेची. कागद आज पाचच्या आत पोचवायचेत आणि अनुभवाचा दाखला नाही. मंगळवारपासून बसून आहेत."

"दाखला का नाही? दोन वर्षं तर आम्हालाच शिकवलं त्यांनी."

"अनुभव आहे. नोंद नाही. आता एकच रस्ता आहे. परिपत्रकातलं नऊ नंबरचं कलम. विद्यार्थ्याने जमा केलेलं शिक्षण, हा ते शिकवल्याचा पुरावा मानला जाईल. एकानं जरी यांचं शिकवलेलं जमा केलं, तर मला लगेच दाखला देता येतो."

"मग बाकीचे दहाजण?"

"येऊन गेले," सर म्हणाले. ते हसत होते. "सहाजणांना मी आठवलो. प्रयोग कुणालाच नाही. एकानं माझ्यासाठी फार प्रयत्न केला, पण त्याला लिंबूच आठवलं. लिंबावर दाखला मिळत नाही."

तेजश्रीला सरांचा राग आला. मंगळवारपासून इथे बसलेला माणूस तिला एक फोन करू शकत नव्हता? मग लक्षात आलं की फोन केला असता तर मागितल्यासारखं झालं असतं, आणि या माणसाने दोन वर्षांत तिच्याकडून चहासुद्धा घेतला नव्हता. मग तिला स्वतःचा राग आला, कारण पेन अजून तिच्या हातात होतं आणि सही करायची तिला फार इच्छा होती.

"सर, मी जमा केलं तर माझी नोकरी जाईल."

"म्हणून तर म्हणतोय, सही कर. मी एक्केचाळीसचा आहे. मला सवय आहे. तुझी तारीख एक आहे ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"दूध संघात तुझं नाव आहे, तेजश्री. टँकरवाले सांगतात." हे बोलताना सरांनी टॉवेल उगाच सारखा केला.

रांगेतून कोणीतरी दोन वाजत आल्याची आठवण करून दिली. तेजश्रीने समोरचं वाक्य पुन्हा वाचलं. कोणीही काहीही शिकवलेलं नाही. खाली सहीची रेघ सरळ होती आणि सर दीड हातावर बसले होते. खोटं बोलायला तिला फारसं जड गेलं नसतं. मशरूमचे आभार तिने मानले होतेच. पण हे वाक्य त्यांच्यासमोर लिहून देणं तिला जमेना.

"भाऊसाहेब," तिने विचारलं, "जमा केलेलं परत शिकायला मनाई आहे का?"

भाऊसाहेबांनी सतरा पानी परिपत्रक काढलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

"शिकण्याबद्दल यात काही नाही," ते म्हणाले.

"सतराही पानांत?"

"सतराही पानांत."

तेजश्रीने पेन खाली ठेवलं. "मग तक्त्यावर रकाना वाढवा. रसायनशास्त्र, प्रात्यक्षिकं. शिकवणाऱ्याचं नाव, हणबर सर."

"तेजश्री, वेडेपणा करू नकोस," सर उठून उभे राहिले.

"सर, मागं रांग आहे," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून सगळं म्हणायला लागली.

ब्युरेट आधी आतून धुऊन घ्यायची, मग जे भरायचं त्याच द्रावणाने विसळायची. टोकात हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. वाचताना डोळा रेघेच्या पातळीला. दूध दहा मिलिलिटर, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे थेंब. डावा हात तोटीवर, उजव्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचा. गुलाबी दिसून विझायला लागलं की घाई सोडायची. शेवटचा थेंब अख्खा सोडायचा नाही, टोकाला अर्धा लटकू द्यायचा, काचेला टेकवायचा आणि पाण्याने आत धुवायचा. अर्धा मिनिट टिकेल तो गुलाबी खरा. गडद आला तर पुढे गेलो, पुन्हा पहिल्यापासून. आणि गडद आलेला आकडा वहीत लिहायचा नाही, कोणी बघत नसलं तरी.

भाऊसाहेबांनी शिक्का शाईत दाबला, क्षणभर हवेत धरला, आणि मारला.

तेजश्रीने आपल्या हातांकडे पाहिलं. हात होते तसेच होते. समोर सर उभे होते आणि ते हणबर सर आहेत हे तिला माहीत होतं. त्यांनी काय शिकवलं ते मात्र आठवत नव्हतं. बहुतेक माजी विद्यार्थ्यांचं असंच असतं, त्यामुळे बघणाऱ्यांना काही वेगळं वाटलं नाही.

भाऊसाहेबांनी फडक्याचं गाठोडं बांधलं. ते दिवसातलं सर्वांत जड होतं. दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ते कपाटात ठेवलं तेव्हा आतून बारीकशी शिट्टी ऐकू आली. त्यांनी दार लोटून कडी घट्ट लावली. मग छापील वाक्याखाली तेजश्रीची सही घेऊन तिला पावती दिली आणि सरांचा दाखला टाईप केला. प्राचार्यांनी तो न वाचता सही करून परत पाठवला, म्हणून लवकर झालं. सव्वादोनला दाखला सरांच्या हातात होता.

सरांनी तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग घड्याळात पाहिलं.

"माझी गाडी साडेतीनची आहे," ते म्हणाले. "तुझे टँकर किती वाजता येतात?"

"पहाटे पाचला."

"म्हणजे सव्वा तास आहे. चल."

मागच्या पायऱ्यांवर ऊन उतरलं होतं. सरांनी टॉवेल सोडला. आत टोकाला टवका उडालेली ब्युरेट होती. उद्याच्या मुलाखतीत पाठ घेऊन दाखवायचा म्हणून त्यांनी द्रावणाच्या बाटल्याही बरोबर आणल्या होत्या. टपरीवरून पेलाभर दूध आलं. तेजश्री खालच्या पायरीवर बसली. तिला ती काचेची नळी कुठून धरायची ते कळेना, आणि आपल्याला कळत नाही याचं रडू येऊ लागलं.

"सर, दोन वर्षांचं सव्वा तासात कसं होणार?"

"नाही होणार. आज दुधापुरतं करू. बाकीचं दर रविवारी." सरांनी ब्युरेट तिच्या हातात दिली. "रडायचं असेल तर बाजूला रड. फ्लास्कमध्ये पडलं तर आकडा चुकेल. हं, पहिल्यांदा काय करायचं? धुवायची."

पहिल्या वेळी गुलाबी गडद आला. दुसऱ्या वेळीही गडद आला. टपरीवाल्याने न विचारता दूध आणखी पाठवलं. तिसऱ्या वेळी तिने तोटी इतकी हळू सोडली की थेंब टोकाला लटकून राहिला आणि पडेना.

तेवढ्यात नदाफ भाऊसाहेब खिडकी बंद करून जेवणाचा डबा घेऊन मागे आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं, ब्युरेटकडे पाहिलं, आणि सवयीने खिशातून मोबाईल काढला.

"एक फोटो काढून ठेवू का?"

"नको," तेजश्री आणि सर एकदमच म्हणाले.

भाऊसाहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. नोंद होणार नव्हती, म्हणून मग तेही डबा बाजूला ठेवून वरच्या पायरीवर बसले.

"सर," त्यांनी हळूच विचारलं, "हा थेंब पडत का नाही?"